नुसती समोर बस

लोकांच्या घरातलं वायरिंग मी दिवसभरात उरकतो, पण स्वतःच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म चार महिने भरतोय. आज शेवटची तारीख. पाचच्या आत गेला नाही, तर उद्यापासून काम बंद. सकाळी फोटो शोधायला ड्रॉवर उघडला आणि दीड वाजेपर्यंत त्यातले स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत लावत बसलो. आळस नाही हो, एडीएचडी आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. पण ते त्या वेबसाइटला कोण सांगणार?

घड्याळ बघितलं आणि ताईला व्हिडिओ कॉल लावला. कोणी समोर असलं की माझे हात चालतात.

"ताई, काही बोलू नकोस. नुसती समोर बस."

ती बसली. खांद्यावरची पर्सही न काढता तीन तास बसली. मी उठायला लागलो की खाकरायची, की मी पुन्हा खाली.

चार बावन्नला फॉर्म गेला. मी खुर्चीतच ढसाढसा रडलो.

"तुला कसं गं जमतं सगळं वेळच्या वेळी? तुझं आज काही काम तर नव्हतं ना?"

तिनं आत्ता कुठे पर्स खाली ठेवली.



"दोन वाजता छातीतल्या गाठीची तपासणी होती. तीनदा तारीख बदलून घेतलीये मी. आज अगदी घराच्या दारापर्यंत गेले होते रे, तेवढ्यात तुझा फोन आला... आणि इतकं बरं वाटलं!"