पाच म्हणजे पाच

"तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही," फाइलवाले काका म्हणाले. टायवाला माणूस त्यांचे आभार मानत आत गेला.

सूटकेसच्या कारखान्यात कुलपं तपासायची एकच जागा रिकामी होती. बाहेरच्या बाकावर आता दोघंच उरली, काका आणि ती.

तिने अठरा वर्षं एकाच कुलपांच्या कारखान्यात काढली होती. दिवसाला नऊशे कुलपं. किल्ली घाल, फिरव, काढ. गेल्या महिन्यात ते काम यंत्राकडे गेलं. निरोपाच्या दिवशी मालकांनी तिला एक भलंमोठं पितळी कुलूप भेट दिलं. किल्ली मागाहून पाठवतो म्हणाले.

"कितवा इंटरव्ह्यू?" काकांनी विचारलं.

"सातवा. तुमचा?"

"मोजणं सोडलं."

शिपाई आला. काकांच्या हातात बिनसाखरेचा चहा ठेवून गेला. तिला विचारलंसुद्धा नाही. काकांनी मागे न बघताच हात नेऊन पंख्याचं बटण दाबलं. किती खेपा घातल्या असतील बिचाऱ्यांनी, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात काकांची फाइल घसरली आणि कागद फरशीवर पसरले. ती गोळा करायला वाकली. सगळे कोरे. तिने ते उलटे करून, न बघितल्यासारखे परत दिले. माणसाची काही लाज राखायला हवी.

"तुम्हीही एकाच ठिकाणी होतात का, काका?"

"बावीस वर्षं."

"मग तुम्हाला कळेल माझं."

काकांनी चहाचा घोट घेतला. "या वयात अटी घालायच्या नसतात, बाई. मी तर सांगून ठेवलंय, रात्री नऊपर्यंत बसेन. रविवारीसुद्धा येईन."

टायवाला बाहेर आला. टाय सैल झाला होता. "आठ वाजेपर्यंत थांबेन म्हणून लिहून दिलं," तो काकांना म्हणाला. "बरं झालं तुम्ही भेटलात. मी वेड्यासारखा सहा म्हणणार होतो. कळवतो म्हणालेत." आणि तो हात जोडून गेला.

"बघा," काका म्हणाले. "तुम्ही काय म्हणणार?"

"पाच."

"पाच काय?"

"पाच वाजता घरी."

काकांचा कप तोंडापर्यंत गेला नाही. "आठ म्हणा. तुमच्या भल्याचं सांगतोय."

"अठरा वर्षं मी आठच म्हणत होते. माझ्या मुलीने शाळेत आपल्या कुटुंबाचं चित्र काढलं होतं. त्यात बाबा, आजी आणि मांजर."

"मांजर छान असतं."

"आमच्याकडे मांजर नाहीये, काका."

काकांनी कप बाकावर ठेवला. वर पंखा कुरकुरत होता.

"तुम्हीही पाचच म्हणा," ती म्हणाली. "तिघांतले दोघं पाचवर अडून बसलो तर त्यांनाही विचार करावा लागेल."

"मला सवय नाही हो."

"त्यात सवय कसली? घड्याळ बघायचं आणि उठायचं."

आतून तिचं बोलावणं आलं.

व्यवस्थापकांनी तिचा अर्ज वाचला, चष्मा काढला. "पाच? बाहेर बसलेले गृहस्थ नऊपर्यंत थांबायला तयार आहेत."

"मग त्यांना घ्या."

"तुम्हाला नोकरी नकोय?"

"हवीय. पाचपर्यंत."

"साडेसात करू."

"पाच."

"बरं, तुमचंही नको, माझंही नको. साडेसहा."

"माझंच हवंय," ती म्हणाली. बोलता बोलता तिचा हात सवयीने टेबलावरच्या नमुन्याच्या सूटकेसवर गेला होता. तिने कुलपावर अंगठा दाबला, जरा डावीकडे सरकवला. खट्ट. सूटकेस किल्लीशिवाय उघडली. "हे नापास."

"अहो, आमची सगळ्यात जास्त खपणारी आहे ही!"

"चोरच घेत असतील."

व्यवस्थापक सूटकेसकडे बघत राहिले. त्यांनी ती बंद केली, स्वतःचा अंगठा दाबला, डावीकडे सरकवला. खट्ट. मग मुकाट्याने पेन उचललं.

ती बाहेर आली तेव्हा काका तिथेच होते. तिला एकदम अपराधी वाटलं.

"माफ करा, काका. जागा मलाच मिळाली."

"पाच दिलं?"

"दिलं."

"तोंडी?"

तिने कागद दाखवला. काकांनी तो दोनदा वाचला आणि जपून घडी घालून परत दिला.

"तुम्हालाही मिळेल कुठेतरी," ती म्हणाली. "फक्त वाकू नका."

सोमवारी ती कामावर रुजू झाली. पाचच्या ठोक्याला हातातलं कुलूप खाली ठेवून उठली. अख्खा विभाग माना वर करून बघायला लागला, कुणीतरी घसा खाकरला. ती ताठ मानेने दारापर्यंत गेली. हजेरीच्या यंत्रापाशी तिच्या आधीच एक जण उभा होता. काखेत तीच जाडजूड फाइल.

"काका!" ती आनंदाने ओरडलीच. "म्हणजे तुम्हालाही घेतलं?"

काकांनी यंत्रात सारायला कार्ड काढलं. कडा झिजून पार गोल झाल्या होत्या. हुद्द्याच्या रकान्यात फिकट शाईत लिहिलेलं होतं : उमेदवार, कायम.

"घेतलं ना, बावीस वर्षांपूर्वी," काका म्हणाले. "पाचला मात्र आज पहिल्यांदाच निघतोय."