पातळ कॉफी

"पातळ झालीय." चाळीस वर्षं रोज चार वाजता पहिला घोट घेऊन भास्करराव बायकोला हेच ऐकवायचे. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा त्यांनी हौसेने मोठे दोन चमचे घालून कडक कॉफी केली.

आठवड्यात झोप उडाली, छाती धडधडू लागली. डॉक्टरांनी कॉफीवर बोट ठेवलं. तणतणत त्यांनी बायकोला फोन लावला. "चाळीस वर्षं पितोय, कधी काही झालं नव्हतं!"

"अहो, मी मिठातला इवलासा चमचा घालते, तोही अर्धा. लग्नानंतर कॉफी पिऊन तुम्ही असेच रात्रभर तळमळायचात, तेव्हापासून."

भास्कररावांनी हळूच फोन ठेवला.

महिन्याने ती परतली. चार वाजता तीच फिकी कॉफी समोर आली. घोट घेऊन ते हळूच म्हणाले, "छान झालीय."

तिने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावला.