औषधवाल्यांची साक्ष

“मृत्युपत्रावर मयतांनी सही केली, तेव्हा तुम्ही त्या खोलीत होतात का?”

ताईच्या भावाच्या वकिलाने प्रश्न अगदी सहज विचारला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात औषधवाले उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाजारात पस्तीस वर्षं त्यांचं एकच दुकान. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

ताई पहिल्या बाकावर बसली होती. कोर्ट म्हणजे जुन्या गोदामाचा एक हॉल. आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांना मिळून हे एकच, आणि न्यायाधीशही आठवड्यातून दोनच दिवस येत. इथवर यायलाच दीड वर्ष गेलं होतं. वडिलांनी तीन खोल्यांचं घर तिच्या नावे लिहून ठेवलं होतं. कागदावर त्यांची सही होती, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. मृत्युपत्र खरं आहे एवढं कोर्टाने म्हटलं की घर तिचं. पण धाकट्या भावाने हरकत घेतली. कायद्याने वडिलांनी सही दोन्ही साक्षीदारांच्या देखत केलेली हवी, नाहीतर ती आपलीच असल्याचं नंतर स्वतः त्यांना सांगितलेलं हवं. दोन साक्षीदारांपैकी शेजारचे मास्तर गेल्या वर्षी वारले. उरले औषधवाले.

सकाळी व्हरांड्यात तिच्या वकिलाने त्यांना बाजूला घेतलं होतं. “काका, एकच वाक्य. ‘माझ्यासमोर सही केली.’ बास. पुढचं मी बघतो.” औषधवाल्यांनी मान हलवली होती. ती होकाराची की नुसतीच, हे तिला कळलं नव्हतं, आणि विचारायचा धीर झाला नव्हता.

“प्रश्न समजला का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“समजला, साहेब.”

“मग सांगा.”

“नव्हतो.”

तिच्या वकिलाचं पेन थांबलं.

“मग ही तुमची सही कुठे झाली?”

“दुकानात, काउंटरवर. त्यांची मुलगी औषधं न्यायला आली होती. म्हणाली, बाबांनी सांगितलंय, इथे सही करा. मी वाचलं आणि केली.”

“नंतर मयत स्वतः तुम्हाला याबद्दल काही बोलले?”

“मी गेलो तेव्हा त्यांची वाचा गेली होती. मग विषय नाही काढला.”

ताईचे हात मांडीवरच्या पिशवीवर आवळले. उभं राहून ओरडावंसं वाटलं तिला. त्या दिवशी यांना तीनदा निरोप धाडला होता. तिन्ही वेळा दुकानात गिऱ्हाईक होतं. बाबा उशीला टेकून तासभर वाट बघत बसले. शेवटी हात थरथरायला लागला, तेव्हा मास्तर म्हणाले, आता करून टाका, नाहीतर राहून जाईल. हे सगळं पाहणारे मास्तर आता नव्हते, आणि तिच्या शब्दाला इथे किंमत नव्हती. घर तिलाच मिळायचं होतं ना.

तिचा वकील उठला. “काका, सही त्यांचीच आहे, एवढं तर तुम्ही ओळखता?”

“त्यांचीच असणार. पण मी बघितली नाही.” औषधवाल्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. “शपथ घेतलीय, साहेब. खोटं कसं बोलू?”

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून मान वर केली. “असे साक्षीदार हल्ली बघायला मिळत नाहीत,” ते म्हणाले. औषधवाल्यांनी किंचित मान झुकवली आणि पिंजऱ्यातून उतरले.

बाहेर आल्यावर वकिलाने फाईल काखेत मारली. “मृत्युपत्र काही टिकत नाही. आता दोघांना अर्धं अर्धं. तीन खोल्यांचं अर्धं काय करणार? विकावंच लागेल.” एवढं बोलून तो पुढच्या अशिलाकडे वळला.

भाऊ व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. तिला टाळून निघून जाता येईना, तेव्हा जवळ आला.

“ताई, घाई नाही हं काही. माणसं घर बघायला येतील तेव्हा जरा आवरलेलं असू दे, एवढंच. बाबांची ती कॉट बाहेर काढलीस तरी चालेल.”

“एक बाजू धरायला येशील?”

त्याने घड्याळ पाहिलं. त्याची बस होती.

औषधवाले पायऱ्यांपाशी तिचीच वाट बघत थांबले होते. चेहरा उतरलेला, पण पाठ ताठ.

“पोरी, राग धरू नकोस. तुझं वाईट व्हावं असं मला वाटेल का? पण या तोंडातून आजवर खोटं गेलेलं नाही गं. माझा नाइलाज झाला.”

ताई दोन पायऱ्या उतरली आणि वळली.

“बाबांच्या उशाशी बसून तुम्ही दर वेळी काय सांगायचात, काका?”

त्यांनी चष्मा काढला.

“‘महिनाभरात बाजारात हिंडायला लागाल.’ दोन वर्षं सांगत होतात. त्यांची वाचा गेली तरी सांगत होतात. आणि जाताना दारात मला म्हणायचात, आता फक्त सेवा कर.”

“अगं, ते... धीर द्यायला बोलतो माणूस.”

“हो,” ती म्हणाली. “छान जमायचं तुम्हाला.”

आणि उरलेल्या पायऱ्या ती कठडा न धरता उतरून गेली.