काकांच्या गाडीचा विमा

शेजारच्या काकांच्या गाडीचा विमा कधीच संपलाय, आणि माझी चिमी त्याच गल्लीत सायकल शिकतेय. काकांना सांगून सांगून थकले. "अगं पोरी, मला कुठं लांब जायचंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी, विमा नसलेल्या गाडीनं धडक दिली तरी उपचारांचा खर्च मिळेल, अशी पॉलिसी मीच आमच्या तिघांसाठी काढली. आज ते बोटात किल्ली फिरवत गाडीकडे निघाले होते, तेव्हा टोमणा मारायचा म्हणून मुद्दाम सांगितलं, "तुमच्या भरवशावर नाही राहिले हं काका, आम्हीच विमा काढलाय."

काकांचा चेहरा एकदम खुलला.



"बरं केलंस गं! मग आज गॅरेज राहू दे. ब्रेकचं बघू पुढच्या महिन्यात."