एका खोलीपुरती तार

सन एकोणीसशे शहाण्णवच्या माघात, मौजे सणसर, तालुका इंदापूर येथे म्हस्कूरावांच्या जुन्या घरातील दोन भोकांचे सॉकेट बदलून तीन भोकांचे बसवावयास वायरमन आला. शॉक अडविणारी अर्थिंगची तार एकाच खोलीपुरती होती. ती म्हस्कूरावांनी बैठकीतल्या टीव्हीकडे वळविली. पत्नी सारजा हिच्या अंगाची लाही लाही झाली. स्वयंपाकघरातील विजेच्या शेगडीवरच्या पातेल्याला हात लागताच झिणझिण्या येत, म्हणून ती वर्षानुवर्षे लाकडी पाटावर उभी राहून रांधी. “टीव्हीच्या पिनीला पायच दोन! तिसरं भोक काय शोभेला?” “पावणं बघत्यात. तुला पाट हाय की!” सारजाने पाट अंगणात भिरकावला. “या कारभारी, पाटाबिगर उतरवा दूध!” म्हस्कूराव तावातावाने सरसावले. “म्हस्कू, हात लावू नगंस, मरशील!” सासूबाई किंचाळल्या. “आत्याबाई, मला कंदी म्हनला न्हाय असं?” सासूबाई वायरमनला म्हणाल्या, “तार सैपाकघरात बसव.”