क्रॅडॉकच्या नावावर रेघ

मतदानाच्या खिडकीपाशी कर्नल लायमन क्रॅडॉक जातीनं उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येक काळ्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरून हलवत होता. ओहायोतल्या त्या नदीकाठच्या गावात काळी माणसं यंदा पहिल्यांदाच मत देत होती. क्रॅडॉक आधी वकील, मग आमदार, मग लढाईतला कर्नल, आणि आता अमेरिकी संसदेचा उमेदवार. वारा पाहून पाठ फिरवत गडी इथवर आला होता.

पिंपं बनवणारा एनॉक टालबर्ट रांगेत होता. हातात पक्षानं वाटलेली छापील चिठ्ठी, तिच्यावर दहा नावं, सगळ्यांत वर क्रॅडॉकचं. एखादं नाव नको असेल तर त्यावर रेघ मारून दुसरं लिहायची मुभा होती. गोरे मतदार ते बिनदिक्कत करत. काळ्यांपैकी सकाळपासून कुणाची हिंमत झाली नव्हती.

सोळा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या केंटकीचा, जिथे गुलामगिरी चालायची, एक जमीनदार एनॉकच्या बायकोला ‘ही माझी पळालेली गुलाम डायना’ म्हणून न्यायला आला होता. त्याचा वकील हाच क्रॅडॉक. दुपारच्या जेवणाआधी निकाल लागला आणि बेड्या घालून तिला होडीत बसवलं. यादवी युद्ध संपून गुलाम मुक्त झाल्यावर एनॉकनं दोन वर्षं पायपीट केली. ती कुठेच सापडली नाही.

चर्चचे कारभारी डीकन बिब मागून त्याची समजूत घालत होते. हा माणूस नीच आहे हे त्यांनाही मान्य होतं. पण समोरचे निवडून आले तर हे मतही हिसकावून घेतील, आपल्यात फूट दिसता कामा नये, एवढ्या वेळी राग गिळ, असं त्यांचं म्हणणं होतं.

“सोळा वर्षं गिळतोच आहे, डीकन,” एनॉक म्हणाला. “आता पोटात जागा नाही.”

त्याची पाळी आली. क्रॅडॉकनं त्याचा हात धरला.

“ये मित्रा. तुम्हा लोकांसाठी मी जन्मभर भांडलोय. नाव काय तुझं?”

त्यानं ओळखून मान खाली घातली असती, निदान तोंड फिरवलं असतं, तरी एनॉकनं कदाचित डीकनचं ऐकलं असतं. पण त्या हसऱ्या डोळ्यांत ओळखीचा मागमूस नव्हता. एनॉकच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं हात सोडवून घेतला, चिठ्ठी खिडकीच्या फळीवर ठेवली आणि खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला.

रेघ इतक्या जोरात ओढली की कागद फाटला. बाकीची नऊ नावं त्यानं तशीच ठेवली. मग वरच्या मोकळ्या जागेत तो एकेक अक्षर लावून लिहू लागला. डीकननी डोळे मिटून घेतले.

क्रॅडॉकनं वाकून वाचलं आणि त्याचं हसू मावळलं.

“केझाया टालबर्ट? ही कोण?”

“हेच सांगायला त्या दिवशी कोर्टात उभा राहिलो होतो, वकीलसाहेब,” चिठ्ठी खिडकीतून आत देत एनॉक म्हणाला. “तुम्ही मला खाली बसवलंत.”