चूक स्क्रीनची

ताईचं बोट स्क्रीनवर येऊन अडलं. तिला शनिवारच्या बसचं, खिडकीजवळचं एक तिकीट काढायचं होतं, आणि समोर बटण असूनही ते तिला सापडत नव्हतं. धाकटा भाऊ शेजारी तोंडाला कुलूप लावून बसला होता. ॲप कसं दिसावं, कसं चालावं हे ठरवणं हा त्याचा पेशा, आणि चाचणी चालू असताना वापरणाऱ्याला मदत करायची नाही हा त्या पेशातला नियम. त्याने कागदावर लिहिलं : रंग फिकट.

“माझंच काहीतरी चुकतंय रे,” ताई म्हणाली.

“तुझं काही चुकत नाही, ताई. चूक माझ्या स्क्रीनची.”

हे तो नुसतं समजुतीखातर म्हणत नव्हता. वापरणारा कधी चुकत नाही, चुकतं ते करणाऱ्याचं, यावर त्याची श्रद्धा होती. ऑफिसात तो हे इतक्या वेळा ऐकवायचा की त्याची पाठ वळली की लोक नक्कल करत.

ताईला त्याने विचार करूनच निवडलं होतं. आईवडिलांच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची सारी नोकरी गेली. अर्ध्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ. जे ताईला जमणार नाही ते कुणालाच जमायचं नाही, असं त्याचं साधं गणित होतं.

ती दर रविवारी यायची. रंग गडद केला तर तिला तारीख सापडेना. तारीख वर आणली तर ती एकाच सीटवर पाच वेळा बोट ठेवून बसली. तो पुन्हा कामाला लागायचा. चार पानांची तीन झाली, तीनची दोन. अक्षरं एवढी वाढली की आता रस्त्यापलीकडून वाचता येतील, असं सहकारी म्हणू लागले. पण लोकांना ॲप आवडलं. तक्रारी निम्म्यावर आल्या, साहेबांनी भर बैठकीत पाठ थोपटली. श्रेय माझ्या बहिणीचं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ताईलाही सांगितलं. ती हसली आणि निघताना तिने डाव्या पायात उजवी चप्पल घातली. या चपलांचा डावा-उजवा ओळखूच येत नाही, कुठल्या शहाण्याने काढल्यात, असं त्याच्या मनात आलं.

सातव्या महिन्यात स्क्रीनवर एकच बटण उरलं. पांढऱ्यावर लाल, अंगठ्याच्या दुप्पट. ताई बटणाकडे बघत राहिली. मग तिने फोन उचलला आणि चष्म्याच्या घरात घालायला लागली. तो पेन उघडून बसला होता. लिहिण्यासारखं काहीच सुचेना, तेव्हा पेन मिटून त्याने दवाखान्याला फोन लावला.

डॉक्टर मेंदूच्या फोटोवर बोट ठेवून बोलत होत्या. सात महिन्यांपूर्वी गाठ लहान असणार, काढता आली असती. आता तिला हात लावणं शक्य नाही. घरात कुणाच्याच काही लक्षात आलं नाही का, असं त्यांनी विचारलं. त्याच्या बॅगेत अठ्ठावीस रविवारांचे कागद होते, ताईची एकूण एक अडचण तारखेसकट. स्वतःची इतकी शिसारी त्याला कधी आली नव्हती.

बाहेर ताई बाकावर बसली होती. हल्ली बोलताना ती अडखळायची, पण आज तिला शब्द सापडत होते. त्याने तिचा हात हातात घेतला आणि तुला इतके दिवस काहीच जाणवत नव्हतं का, असं विचारलं.

“जाणवत होतं की,” ती म्हणाली. “तुझ्याकडे पहिल्यांदा बसले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. पण तू एवढा शिकलेला, शेजारी बसून तासभर बघितलंस आणि दोष माझ्यात नाहीच म्हणालास. म्हटलं, सुटले बाई. मग गेलेच नाही.”